मुलगी लँड कौन्सिलमध्ये गेली. सीईओ होण्याची घाई मात्र वडिलांना

पत्र : आमची मुलगी मेलबर्नमध्ये लहानाची मोठी झाली. कायद्याची पदवी तिने उत्तम गुणांनी मिळवली. मोठ्या फर्मची चांगल्या पगाराची नोकरी नाकारून ती गेल्या वर्षी डार्विनला, ॲबोरिजिनल म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवासी लोकांच्या जमिनीचे काम पाहणाऱ्या लँड कौन्सिलमध्ये, कनिष्ठ वकील म्हणून रुजू झाली. मी तिला स्पष्ट सांगितले आहे की दोन वर्षे अनुभव घे आणि परत ये. तिथेच राहायचे असेल तर दहा वर्षांत सीईओ झाले पाहिजे. त्यासाठी एमबीए कधी करावे? वरच्या पदांच्या काही जाहिरातींत फक्त ॲबोरिजिनल उमेदवारांनी अर्ज करावा अशी अट असते, त्यातून मार्ग कसा काढावा? मागच्या महिन्यात ती चुलत भावाच्या साखरपुड्यालाही आली नाही. कुठल्याशा वस्तीवर बैठक होती, आणि ती बैठकही शेवटी झालीच नाही. इथल्या मराठी मंडळातले लोक विचारतात, त्यांना काय सांगावे ते कळत नाही.
– एक वडील, मेलबर्न

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात मुलीचे गुण आहेत, तिने नाकारलेला पगार आहे, मंडळातल्या लोकांचे प्रश्न आहेत आणि तुम्ही आखून दिलेली दोन व दहा वर्षांची मुदत आहे. परंतु हे काम तिला का करावेसे वाटले, याबद्दल तिच्या तोंडचे एकही वाक्य नाही. एमबीएपेक्षा मला याची अधिक काळजी वाटते. पंचविशीच्या आसपासची, स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी घरापासून तीन हजार किलोमीटरवर जाऊन एक अवघड काम शिकत आहे, आणि तिच्या घरून येणारा प्रत्येक फोन ‘परत कधी येणार’ किंवा ‘वर कधी जाणार’ यांपैकी एका प्रश्नाने सुरू होत असेल, तर ती हळूहळू फोनवर कामाबद्दल बोलणेच बंद करील. कदाचित तसे झालेलेही असेल, कारण तिच्या कामाची तुम्हाला असलेली माहिती जाहिरातींतून आलेली दिसते, तिच्याकडून आलेली दिसत नाही.

आता त्या न झालेल्या बैठकीविषयी. एखाद्या कंपनीने ॲबोरिजिनल जमिनीवर खनिजाचा शोध घेण्याची परवानगी मागितली की लँड कौन्सिलला त्या जमिनीच्या पारंपरिक मालकांना एकत्र बोलवावे लागते. कच्च्या रस्त्याने काही तास जायचे, झाडाखाली किंवा शेडमध्ये नकाशे जमिनीवर अंथरायचे, दुभाष्यांच्या मदतीने कंपनीचा प्रस्ताव समजावून सांगायचा आणि लोकांना आपापसात बोलायला पुरेसा वेळ द्यायचा, असे त्या बैठकीचे स्वरूप असते. आदल्या दिवशी वस्तीत कोणी वारले, तर सगळेजण सॉरी बिझनेसमध्ये, म्हणजे दुखवट्याच्या विधींमध्ये असतात, आणि बैठक पुढे जाते. ज्या व्यक्तीला त्या जमिनीविषयी बोलण्याचा अधिकार आहे ती आली नाही, तरीही बैठक पुढे जाते. तुमच्या मुलीच्या बाबतीत नेमके काय झाले ते तिला विचारा, पण बैठक झाली नाही म्हणून तिचा दिवस वाया गेला असे मात्र समजू नका. लोक दुखवट्यात असताना कागदावर अंगठे घेतले नाहीत, हेच त्या दिवशीचे योग्य काम असू शकते.

तुमच्या पत्रातला मोठा गैरसमज हा की लँड कौन्सिलचा सीईओ म्हणजे जमिनीबाबत निर्णय घेणारा साहेब, साधारण आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखा. डार्विन ज्या प्रांतात आहे त्या नॉर्दर्न टेरिटरीतील भूहक्क कायदा 1976 चा आहे, आणि त्याखाली आज चार लँड कौन्सिल काम करतात. कौन्सिलचे सदस्य ॲबोरिजिनल समाजांतून निवडले जातात, अध्यक्ष त्यांच्यातूनच होतो, आणि सीईओ हा त्यांनी नेमलेला नोकर असतो. त्याहून महत्त्वाचे असे की खुद्द कौन्सिललाही जमिनीबाबत मनाप्रमाणे वागता येत नाही. पारंपरिक मालकांना प्रस्तावाचे स्वरूप आणि हेतू समजला आहे व समूह म्हणून त्यांची त्याला संमती आहे, अशी खात्री पटल्याशिवाय कौन्सिलने पाऊल उचलू नये, असे कायदाच सांगतो. मालकांनी खनिजशोधाला नकार दिला तर तो विषय सर्वसाधारणपणे पाच वर्षे पुन्हा उघडता येत नाही. म्हणजे ज्या खुर्चीकडे तुम्ही डोळे लावून बसला आहात, तिच्यावर बसलेल्या माणसाचे मुख्य काम दुसऱ्यांचा निर्णय नीट घेतला जाईल याची व्यवस्था करणे, तो कंपन्यांसमोर आणि कॅनबेरातल्या मंत्र्यांसमोर ठामपणे मांडणे, आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख ठेवणे हे असते. हुकूम सोडण्याची हौस असलेल्या माणसाने या वाटेला जाऊ नये.

ॲबोरिजिनल उमेदवारांसाठी राखलेल्या पदांतून ‘मार्ग काढण्या’बद्दल तुम्ही लिहिले आहे, ते वाचून मला वाईट वाटले. तसा मार्ग नाही, आणि असता तरी मी तो सांगितला नसता. 1963 मध्ये डार्विनच्या पूर्वेकडील आर्नहेम लँडमधल्या यिरकाला येथील योल्ङू लोकांनी जमिनीच्या हक्कासाठी झाडाच्या सालीवर चिकटवलेले अर्ज संसदेला पाठवले, 1971 मध्ये न्यायालयाने त्यांचा जमिनीवरील दावा फेटाळला, 1966 मध्ये व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या मागोमाग गुरिंदजी समाजाचे मजूर वेव्ह हिलच्या गुरांच्या रँचवरून काम सोडून बाहेर पडले आणि काही वर्षे जमिनीसाठी अडून राहिले. या लढ्यांतून उभ्या राहिलेल्या संस्थेचे नेतृत्व त्याच लोकांतून आलेल्या माणसाने करावे, ही अपेक्षा रास्त आहे. या अपेक्षेकडे आपल्या मुलीच्या वाटेतला अडथळा म्हणून पाहणे हे मुलीने निवडलेल्या कामाशीच विसंगत आहे, आणि हे तिला तुमच्यापेक्षा चांगले समजत असणार.

याचा अर्थ तिला वर जायला वाव नाही असा मुळीच नाही. विधी विभागाचे प्रमुखपद, करार, खाणकाम, अर्थव्यवहार, जमीन व्यवस्थापन अशा वरिष्ठ जागांवर बाहेरून आलेले अनुभवी लोकही काम करतात. त्यासाठी मालमत्ता, खाणकाम व प्रशासकीय कायद्यातला काही वर्षांचा पक्का सराव, असा सरळ रस्ता आहे. एमबीए आत्ता नको. माणसे आणि पैसा सांभाळण्याची जबाबदारी आली की मग पाहता येईल. त्याऐवजी तिने एखादी स्थानिक भाषा शिकावी. डार्विनच्या चार्ल्स डार्विन विद्यापीठात योल्ङू भाषा शिकवली जाते, आणि तिच्या कामाचा भाग आर्नहेम लँडमध्ये येत असेल तर त्या अभ्यासाचा उपयोग कोणत्याही व्यवस्थापन पदविकेपेक्षा जास्त होईल.

दहा वर्षांच्या मुदतीबद्दल एक उदाहरण देतो. डार्विनच्या समोर, खाडीपलीकडे कॉक्स द्वीपकल्प आहे. तिथल्या जमिनीसाठीचा केनबी दावा 1979 मध्ये दाखल झाला आणि जमीन परत मिळाली ती 2016 मध्ये. दावा दाखल झाला तेव्हाचे कितीतरी जाणते लोक तो दिवस पाहायला उरले नव्हते, आणि सदतीस वर्षांत त्या कागदांवर किती वकिलांचे हात फिरले असतील याची कल्पना करा. नवे दावे दाखल करण्याची मुदत 1997 मध्ये संपली, त्यामुळे तुमच्या मुलीच्या पिढीचे काम बहुतांशी मिळालेल्या जमिनीचे आहे. नॉर्दर्न टेरिटरीची जवळपास निम्मी जमीन आज या कायद्याखाली ॲबोरिजिनल मालकीची आहे. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या ब्लू मड बे निकालानंतर त्या जमिनीला लागून असलेल्या किनाऱ्यावरचे भरती-ओहोटीचे पाणीही त्यात धरले जाते, म्हणजे तिथे मासेमारी करायची तर मालकांची परवानगी लागते. भाडेपट्टे, मासेमारीचे करार, जमिनीची निगा राखणारी रेंजर पथके, मिळालेल्या भाड्याचा विनियोग ही सगळी पुढची कामे आहेत. मध्य ऑस्ट्रेलियात उलुरू या प्रसिद्ध खडकाच्या उद्यानातून मिळणाऱ्या भाड्याचा काही भाग मुतिजुलु वस्तीतल्या पोहण्याच्या तलावासाठी वापरला गेला. वाळवंटातल्या मुलांना तलाव हवा हे मालकांनी ठरवले, आणि ते प्रत्यक्षात आणण्यासाठी कोणीतरी करार आणि हिशेब सांभाळले. हे ‘कोणीतरी’ होणे ही मोठी कारकीर्द आहे.

म्हणूनच ‘दोन वर्षे अनुभव घे आणि परत ये’ हा सल्ला मला सर्वांत जास्त खटकला. बाहेरून येणारे तरुण शिकतात, लोकांची ओळख होते, आणि ओळखीचा उपयोग होऊ लागतो तोच निघून जातात. मग वस्तीतल्या वृद्ध माणसांना आपली जमीन, आपली नाती आणि आपली गाऱ्हाणी पुढच्या वकिलासमोर पुन्हा पहिल्यापासून मांडावी लागतात. तिला काम झेपत नसेल, एकटेपणा सोसवत नसेल, तर तिने अवश्य परत यावे आणि त्यात कमीपणा मानू नये. एकटेपणाची तुमची काळजी खरी आहे, ती तिच्याजवळ मोकळेपणाने बोला. परंतु जाण्याची तारीख आधीच ठरवून लोकांचा विश्वास मागणे योग्य नाही.

मंडळात कोणी विचारले, तर मुलगी जमिनीच्या कायद्याची वकील आहे आणि डार्विनला काम करते, एवढे सांगणे पुरेसे आहे. साखरपुड्याचा विषय आता काढू नका. सवड असेल तर येत्या कोरड्या हंगामात, मे ते ऑक्टोबरच्या दरम्यान, आठवडाभर डार्विनला जाऊन या, आणि तिथे तिच्या पदोन्नतीचा विषय काढू नका. पुढचे पत्र तिला स्वतः लिहायला सांगा. यापुढे कोणत्या विभागात आधी काम करावे, याबद्दल तिला मी सविस्तर लिहीन.