मोठ्या पडद्याचा ई-रीडर घ्यावा का?

प्रश्न : वय ६८, सूतगिरणीतून निवृत्त. लेकीने दिलेल्या सहा इंची ई-रीडरवर कादंबऱ्या झकास वाचतो. पण सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉविषयीची जुनी पुस्तकं मी स्कॅन केलेल्या पीडीएफ स्वरूपात जमवली आहेत. त्यांतलं अक्षर मुंगीएवढं दिसतं आणि मोठंही करता येत नाही. दहा इंची घेऊ का?
— एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : काका, तुमच्या रीडरमध्ये काही बिघाड नाही. कादंबरी ई-पबसारख्या फाइलमध्ये असते, तिथे अक्षर वाढवलं की ओळी नव्याने लागतात. स्कॅन केलेलं पान म्हणजे फोटो, त्यातल्या ओळी जागच्या हलत नाहीत.

सहा इंच हे पडद्याच्या कर्णाचं माप. प्रत्यक्षात तो साधारण ९ बाय १२ सेंटिमीटर भरतो. डेमी आकाराचं पुस्तक १४ बाय साडेएकवीस. एवढं पान त्यात बसवलं की अक्षर जवळपास निम्मं होतं. खिळ्यांच्या छपाईतले रफार आणि अनुस्वार तर पुसटच होतात. तळटीपांबद्दल बोलायलाच नको.

पैसे घालण्याआधी एक करून बघा. रीडर आडवा धरा आणि सोय असेल तर कडेचा कोरा भाग छाटा. अक्षर मूळ छपाईएवढं, कधी थोडं मोठंच दिसेल. एक पान मात्र दोन-तीन टप्प्यांत वाचावं लागेल. एखाद-दुसऱ्या पुस्तकापुरतं हे चालतं. तुम्ही तळटीप आणि मजकूर ताडून बघणार, तेव्हा कंटाळाल.

मग दहा इंचीच घ्या. मी आधी ७.८ इंची घेतला होता. त्यावर अक्षर मूळ छपाईच्या पाऊणपटच दिसायचं. सहा महिन्यांत तो भाच्याला दिला. म्हणून सांगते, मधल्या मापावर थांबू नका.

घरचा ए-४ कागद मधोमध दुमडा. १०.३ इंची पडदा त्याहून जेमतेम सेंटिमीटरभर रुंद असतो. तो कागद कपाटातल्या एखाद्या डेमी पुस्तकावर ठेवून बघा, पान जवळजवळ झाकलं जाईल. ए-४ आकाराची कागदपत्रं मात्र याही पडद्यावर सत्तर टक्क्यांवर येतील, आणि वर्तमानपत्राचं अख्खं पान सोडूनच द्या.

घेताना पडद्यावर इंचाला किती बिंदू, तेही विचारा; बिंदू जास्त तितकं अक्षर रेखीव. मोठ्या रीडरांपैकी किंडल स्क्राइबला ३०० आहेत, कोबो एलिप्साला २२७. जोडाक्षरांसाठी मी ३०० ला झुकते माप देईन. स्कॅनच धूसर असेल तर दोन्ही सारखेच.

मोठा रीडर चारशे ग्रॅमच्या आसपास भरतो. झोपून वाचताना मनगट भरून येतं, तो टेबलावर ठेवूनच वाचा. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत अजिबात ठेवू नका, उन्हाने बॅटरी खराब होते. लेकीने दिलेला लहान रीडर मात्र विकू नका. रात्री पडल्या पडल्या कादंबरी वाचायला तोच हाताशी लागेल.