डिअर सीझनआधी (हरणांच्या शिकारीच्या हंगामाआधी) मुलांना घेऊन रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, जातोय. रायफलचा नवा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) कसा जुळवायचा?

थेट १०० यार्डांवर जाऊ नका, २५ पासून सुरुवात करा. नवा स्कोप कधीकधी इतका भरकटलेला असतो की १०० वर कागदाला भोकच पडत नाही. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवा, तीन गोळ्या झाडा, तिन्ही भोकांचा मध्य बघा आणि मगच स्कोपचा नॉब फिरवा. अमेरिकेतल्या बऱ्याच स्कोपांत एक क्लिक (नॉबचा एक टप्पा) १०० यार्डांवर गोळी लागायची जागा साधारण पाव इंच सरकवतो. २५ वर मात्र एका इंचाला सोळा क्लिक लागतात! गोंधळ होतो तो इथेच. शेवटची खात्री १०० वरच, नळी थंड करून, शिकारीला नेणार त्याच काडतुसांनी.

मुलांना इअरप्लग आणि वर इअरमफ, दोन्ही घाला, चष्माही हवाच. सीझफायर (गोळीबार थांबवायचा हुकूम) पुकारला की बोल्ट (काडतूस आत बसवणारा सरकता दांडा) उघडा ठेवून सगळ्यांनी टेबलापासून मागे व्हायचं.