अमेरिकेतल्या लॉस अलामॉससारख्या सरकारी अण्वस्त्र प्रयोगशाळेचं व्यवस्थापन बदललं तर कर्मचाऱ्यांना नेमका काय फरक पडतो?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुम्हाला तिथे पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधन-नोकरीची) ऑफर आहे, कंत्राटदार बदलेल असं कानावर आलंय, आणि "बिल्ला तोच, टेबल तेच, काम तेच, मग एवढा गहजब कशाला? उलट सरकारी नोकरांना जरा शिस्त लागेल." शेवटचं वाक्य नसतं तर मी पुढचा प्रश्न उघडला असता. या एका वाक्यावरून आमच्या घरात बरीच वर्षं भांडण चालू आहे.

आधी एक दुरुस्ती. तिथली माणसं सरकारी नोकर नाहीत. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातला माणूस थेट केंद्र सरकारचा. लॉस अलामॉसमध्ये जमीन, इमारती, प्लुटोनियम सगळं सरकारचं, पण माणसं कंत्राटदाराच्या पगारावर. 1943 पासून 2006 पर्यंत हा कंत्राटदार म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठ. त्यामुळे तिथे व्यवस्थापन बदलतं तेव्हा फक्त साहेब बदलत नाही, मालक बदलतो. एका रात्रीत आठेक हजार माणसांना नवा मालक मिळतो, आणि त्याबरोबर पेन्शनचा फंड कोणता हा प्रश्न येतो.

मी शास्त्रज्ञ नाही, अकाउंटंट आहे. तेव्हा सँटा फेमध्ये टॅक्सच्या एका छोट्या ऑफिसात होते. टेकडीवरची (तिकडे लॉस अलामॉसला सगळे टेकडीच म्हणतात) निम्मीअधिक गिऱ्हाइकं आमच्याकडे यायची. 2006 चा वसंत मला चांगला आठवतो, कारण टॅक्सचा हंगाम आणि ही पेन्शनची भानगड एकदमच अंगावर आली.

त्याच्या मागचं थोडक्यात. 2004 च्या जुलैमध्ये दोन गुप्त डिस्क सापडेनात, आणि त्याच सुमारास लेझरने एका विद्यार्थिनीच्या डोळ्याला इजा झाली. संचालक पीट नॅनोस हे नौदलातून निवृत्त झालेले व्हाइस ॲडमिरल. त्यांनी जवळजवळ सगळी लॅबच बंद केली आणि कर्मचाऱ्यांना 'काऊबॉय' म्हटलं, आणखीही एक शब्द वापरला, तो इथे लिहीत नाही. काम पूर्ववत व्हायला महिनोन्महिने गेले. बंदच्या खर्चाचे अंदाज 12 कोटी डॉलरपासून 37 कोटी डॉलरपर्यंत आहेत. आणि जानेवारी 2005 मध्ये निष्कर्ष काय निघाला? त्या डिस्क कधी अस्तित्वातच नव्हत्या. बारकोडची लेबलं तेवढी काढलेली, डिस्क बनवल्याच नव्हत्या. तरी शिक्षा म्हणून विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या 87 लाख डॉलर मोबदल्यातले 58 लाख कापले. फिजिक्स टुडे मासिकात लॅबच्याच एका शास्त्रज्ञाने अपघातांचे आकडे मांडून दाखवलं होतं की लॅब इतर ठिकाणांपेक्षा वाईट नाही. पण 'बेशिस्त' हा शिक्का एकदा बसला तो बसलाच. डिसेंबर 2005 मध्ये कंत्राट लॉस अलामॉस नॅशनल सिक्युरिटी, म्हणजे 'लॅन्स' या नव्या कंपनीला मिळालं. त्यात विद्यापीठ होतंच, जोडीला बेक्टेल, बीडब्ल्यूएक्स टेक्नॉलॉजीज आणि वॉशिंग्टन ग्रुप या खाजगी कंपन्या. ताबा 1 जून 2006 ला.

आता तो फरक. कर्मचाऱ्यांना दोन पर्याय दिले. टीसीपी-1 म्हणजे जुनी सगळी सेवा नव्या कंपनीच्या पेन्शन फंडात न्यायची आणि जुन्याच सूत्राने पुढे चालायचं. टीसीपी-2 म्हणजे विद्यापीठाची पेन्शन तिथेच थांबवायची, वय बसत असेल तर लगेच सुरू करायची किंवा एकरकमी उचलायची, आणि नव्या कंपनीत 401के (ठरलेली पेन्शन नाही, माणूस आणि कंपनी दोघं पैसे टाकतात ते निवृत्तीच्या बचतीचं खातं) घेऊन कामाला लागायचं.

एस्पान्योलाच्या खोऱ्यातला एक मशिनिस्ट माझ्याकडे यायचा. वय 57, नोकरी 28 वर्षं, वडीलही टेकडीवरच होते. मिलिंग मशीनचं हत्यार बोथट झालंय हे मला आवाजावरून कळतं, मीटरची गरज नाही, असं तो सांगायचा. एका दुपारी कागदांचा गठ्ठा घेऊन आला, प्रत्येक पान पिवळ्या मार्करने रंगवलेलं. बसायच्या आधीच त्याने विचारलं, "31 मेला मी निवृत्त झालो आणि 1 जूनला सकाळी त्याच मशीनवर कामाला गेलो, तर पोलीस धरणार नाहीत ना?"

पोलीस धरणार नव्हते. योजनाच तशी होती. आम्ही हिशेब मांडला. विद्यापीठाच्या सूत्रात सेवेच्या दर वर्षाला वयाप्रमाणे टक्का मिळतो: पन्नाशीला 1.1, साठीला 2.5, मधल्या दर वर्षी 0.14 ने वाढत जाणारा. त्याच्या 57 व्या वर्षी 2.08. गुणिले 28, म्हणजे पगाराच्या 58 टक्के आणि वर थोडं. साठीपर्यंत थांबला तर 31 वर्षं गुणिले 2.5, म्हणजे साडेसत्त्याहत्तर टक्के. हिशेबापुरता पगार 60 हजार डॉलर धरा. आत्ता घेतली तर वर्षाला सुमारे 35 हजार, थांबलं तर साडेसेहेचाळीस. थांबण्याचा फायदा वर्षाला साडेअकरा हजार, पण तीन वर्षांत न घेतलेली पेन्शन एक लाख पाच हजारांच्या घरात. ती भरून निघायला साठीनंतर नऊ वर्षं. महागाईवाढ आणि 401के मी यात धरलेलंच नाही.

तो आकडे बघत राहिला. मग म्हणाला, "विद्यापीठ माझ्या आजोबांच्या वेळेपासून आहे. ही कंपनी डिसेंबरमध्ये जन्मली. मी मरेपर्यंत ही असणार का?" याचं उत्तर कुठल्याच कोष्टकात नव्हतं. त्याने टीसीपी-2 घेतलं.

आता नीट बघा काय झालं ते. जुन्या सूत्रात पन्नाशी ते साठी ही दहा वर्षं माणूस हलत नाही. प्रत्येक वर्षाला टक्काही वाढतो आणि वर्षंही वाढतात, सोडून जाणं परवडतच नाही. साहेब मूर्ख निघाला तरी माणूस दात-ओठ खाऊन थांबतो, आणि थांबल्या थांबल्या हाताखालच्या पोरांना शिकवतो. ही साखळी 1 जूनला एका सहीने सुटली. ज्याची पेन्शन खिशात आहे तो कशाला कोणाचं ऐकून घेईल? पहिल्यांदा डोकं तापलं की तो निघाला. आणि सुटायची सगळ्यांत जास्त सोय कोणाला? सगळ्यांत जास्त अनुभव असलेल्याला. 2008 च्या सुरुवातीला लॅबने स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्यांना पैसे देऊ केले, तेव्हा चारशेच्या वर लोक गेले. माझा मशिनिस्ट त्यांतलाच. त्याच्या जागी कोण आलं विचारलं, तर म्हणाला, "एक फॉर्म."

आता आमचे थोरले दीर. त्याच वर्षी डिसेंबरात आम्ही पुण्याला गेलो होतो. भावोजी पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. जेवणं झाली, सुपारी कातरत त्यांनी निकाल दिला: "सरकारी माणूस कंपनीच्या हातात दिल्याशिवाय सरळ होत नाही. तुमच्या अमेरिकेलाही ते कळलं." मी म्हटलं, भावोजी, ती सरकारी माणसं नाहीत. ते म्हणाले, एकच ते. मी फीचा आकडा सांगितला: विद्यापीठ ज्या कामाचे वर्षाला 80-90 लाख डॉलर घ्यायचं, त्याचे नव्या कंपनीला 7 कोटी 90 लाखांपर्यंत मिळू शकतात. ते म्हणाले, चांगल्या मॅनेजमेंटला पैसे पडतातच. मी सांगितलं की विद्यापीठाला न्यू मेक्सिको राज्याचा ग्रॉस रिसीट्स टॅक्स (एकूण जमेवरचा कर) नव्हता, कंपनीला आहे, तोही शेवटी लॅबच्याच बजेटातून जाणार. म्हणजे त्याच बजेटात संशोधनाला कमी. यावर त्यांनी पान जुळवायला घेतलं. सासूबाई म्हणाल्या, आता पुरे.

तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आता लिहिते. भावोजी, तुमच्या कारखान्यात व्हीआरएस आली होती ना? तुम्हीच राबवलीत. पहिल्या आठवड्यात अर्ज कोणाचे आले? कामचुकारांचे? टूलरूमचे सगळे पिकलेले हात गेले, चाकण-भोसरीत स्वतःची युनिटं टाकून बसले, आणि पुढे तुम्हीच त्यांच्याकडून दुप्पट दराने डाय बनवून घेत होतात. हे तुम्हीच मला एका गणपतीत हसत हसत सांगितलं होतं. मग लॉस अलामॉसला वेगळं काय होणार होतं? फरक एवढाच की तिथे बाहेर जाऊन प्लुटोनियमचं युनिट टाकता येत नाही.

आणि शिस्त? 2011 च्या ऑगस्टमध्ये, कंपनीच्या अमदानीत, प्लुटोनियमच्या इमारतीत फोटो काढायला म्हणून प्लुटोनियमच्या आठ कांड्या शेजारी शेजारी मांडल्या. इतक्या जवळ त्या ठेवायच्याच नसतात, साखळी प्रक्रियेचा धोका असतो. हा धोका मोजणाऱ्या अनुभवी इंजिनिअरांतले कित्येक व्यवस्थापनाला कंटाळून सोडून गेले होते. 2013 च्या जूनमध्ये संचालकांना त्या इमारतीतलं मुख्य काम थांबवावं लागलं. 14 फेब्रुवारी 2014 ला लॅबमधून गेलेलं किरणोत्सारी कचऱ्याचं एक पिंप कार्ल्सबॅडजवळच्या भूमिगत साठवणीत फुटलं. त्यात शोषक म्हणून खनिज मातीऐवजी गव्हापासून बनवलेली मांजराची वाळू (पाळीव मांजरांच्या शौचासाठी ठेवतात ती) भरली होती, आणि नायट्रेटच्या क्षारांबरोबर तिची प्रक्रिया झाली. ती साठवण जवळजवळ तीन वर्षं बंद. कंपनीची त्या वर्षीची फी सुमारे 90 टक्के कापली, पुढे कंत्राटही गेलं. 1 नोव्हेंबर 2018 पासून नवा कंत्राटदार ट्रायड: बॅटेल, टेक्सास ए अँड एम आणि पुन्हा तेच कॅलिफोर्निया विद्यापीठ. ना-नफा. गंमत अशी की ना-नफा म्हटल्यावर काउंटीची (तिथल्या स्थानिक प्रशासनाची) झोप उडाली, कारण मधल्या बारा वर्षांत त्यांना कंपनीच्या टॅक्सची सवय लागली होती.

लिव्हरमोर या कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या अण्वस्त्र प्रयोगशाळेचं थोडक्यात सांगते, ते मी जवळून पाहिलेलं नाही. तिथे ऑक्टोबर 2007 मध्ये असाच बदल झाला आणि मे 2008 मध्ये 440 च्या आसपास लोकांना थेट घरी पाठवलं. त्यांतल्या 129 जणांनी खटला लढवला आणि 2015 मध्ये 3 कोटी 72 लाख 50 हजार डॉलरवर तडजोड झाली. शिस्तीचा खर्च असा कुठे कुठे निघतो.

आता एवढं बोलल्यावर दुसरी बाजूही लिहायला हवी. विद्यापीठाचा काळ म्हणजे रामराज्य नव्हतं. 2002 मध्ये लॅबच्या क्रेडिट कार्डांवर काय काय खरेदी झालं ते बाहेर आलं, त्या चोऱ्या शोधणाऱ्या दोन तपासनीसांनाच आधी कामावरून काढलं, आणि मग संचालकांना पायउतार व्हावं लागलं. लॅबचे शास्त्रज्ञ वेन हो ली यांना हेरगिरीच्या संशयावरून डिसेंबर 1999 पासून नऊ महिने एकांतकोठडीत ठेवलं आणि शेवटी 59 पैकी एकाच आरोपावर प्रकरण मिटलं. त्यात सरकार, पेपरवाले, लॅब सगळ्यांचेच हात काळे. आणि ते मांजराच्या वाळूचं पिंप माझा मशिनिस्ट निघून गेला म्हणून फुटलं असं मी म्हणत नाही. शिवाय माझ्याकडे येणारे सगळे घाबरलेलेच असायचे. टीसीपी-1 घेऊन निवांत झोपलेले अकाउंटंटकडे कशाला येतील? त्यांचं काही वाईट झालं नाही, तो फंड पुढे ट्रायडकडे आला आणि पेन्शन मिळतेय. हे भावोजींना सांगू नका.

तुमचं म्हणाल तर जा. पोस्टडॉकला यातलं फारसं काही लागू नाही. तुम्हाला जुनी पेन्शन नाही, त्यामुळे गमावण्यासारखं काही नाही. ट्रायडचं कंत्राट मूळ पाच वर्षांचं, पुढे एकेक वर्ष वाढवत जास्तीत जास्त दहा, म्हणजे 2028 पर्यंत. तुमच्या दोन वर्षांत ती तारीख येऊ शकते. तेव्हा ऑफरच्या पत्रात मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते वाचा, 401केमधला कंपनीचा हिस्सा किती महिन्यांनी तुमचा होतो ते लेखी विचारा, आणि व्हिसावर असाल तर मालक बदलल्यावर कागद कोण भरणार हे तिथल्या ऑफिसला नाही, स्वतःच्या वकिलाला विचारा. घर व्हाइट रॉकला बघा, टेकडीवर भाडी परवडत नाहीत.