गुरुजी, सहाही एकर विकू नका

परभणी जिल्ह्यातले एक निवृत्त शिक्षक लिहितात : "सेलूजवळ खेड्यात सहा एकर कोरडवाहू आहे. रस्त्याला लागून म्हणून एकरी २५ लाखांनी मागणी आलीय. मुलगा म्हणतो, सगळं विकून पुण्यात एक कोटी दहा लाखांचा फ्लॅट घेऊ, तुम्ही दोघं इकडंच या. वय ६३, पेन्शन ३८ हजार, कर्ज नाही. एकदा तरी श्रीमंत व्हावं वाटतं."

गुरुजी, पत्रात खाली तुम्ही सहज लिहिलंय की मागच्या हिवाळ्यात रात्री दोनला छातीत कळ आली, तेव्हा शेजाऱ्यानं जीप काढून परभणी गाठली. तुम्ही दवाखान्यात असताना गावातल्या पोरांनी उभी तूर कापून खळं करून दिलं, मजुरी घेतली नाही. तुमच्या मालमत्तेत मी ही नोंद सातबाऱ्याच्याही वर धरतो. पुण्यात ती जागा भरून यायला वर्षं लागतील, आणि ६३व्या वर्षी वर्षंच मोजकी असतात.

मुलाचंही खोटं नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. नुसत्या कोरडवाहूच्या भरवशावर म्हातारपण काढा, असं मी म्हणणार नाही.

पण दीड कोटीचा हिशेब बघा. फ्लॅटचे एक कोटी दहा लाख, मुद्रांक आणि नोंदणीचे आठेक लाख, वर फर्निचर. हातात पंचवीस लाख राहिले तरी पुष्कळ, आणि मेंटेनन्स दर महिन्याला. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. सगळी विकलीत आणि उद्या परत यावंसं वाटलं, तर वावर पुन्हा घेणं फार अवघड.

म्हणून दोनच एकर विका. ५० लाख येतील. त्यातले ३० लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका, ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये मिळतील. पाच वर्षं व्याजाचा दर बदलत नाही. दहा लाख दवाखान्यासाठी एफडीत वेगळे ठेवा. उरलेल्या दहातून दरवर्षी उन्हाळ्याचे तीन महिने पुण्यात मुलाच्या घराजवळ भाड्यानं राहून बघा. करमतं का, ते दोन उन्हाळ्यांत कळेल. बाकीचे चार एकर बटईनं द्या.

जमीन सेलू नगरपरिषदेच्या हद्दीपासून हवाई अंतरानं दोन किलोमीटरच्या बाहेर असेल, तर विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. ते अंतर सीएकडून आधी तपासून घ्या.

आणखी एक. पूर्ण पत्रात तुमचं मत आहे, मुलाचं आहे, गिऱ्हाइकाचंसुद्धा आहे. काकूंचं कुठंच नाही. चाळीस वर्षं त्या घराचा ओटा त्यांनी सारवलाय. इसार घेण्याआधी त्यांना विचारा, आणि त्या काय म्हणतात ते मला कळवा.