नायट्रॉक्सचा कोर्स निवडताना

दादा, नायट्रॉक्स म्हणजे साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेलं स्कूबा डाइव्हिंगचं मिश्रण. ते वापरायचा कोर्स करायचा तर आधी ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स, पूर्ण करा. मग थिअरी संभाजीनगरला घरी बसून ऑनलाइन उरका, पण सिलिंडर तपासायचा सराव प्रत्यक्षच हवा. त्याशिवाय प्रमाणपत्राचं कार्ड देणारा कोर्स घेऊच नका.

फी विचारण्याआधी हे विचारा: अ‍ॅनालायझर (ऑक्सिजनची टक्केवारी मोजणारं यंत्र) माझ्या हातात देणार का? आधी तो साध्या हवेवर २०.९ टक्क्यांवर लावायचा, मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडून आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. प्रवाह जोरात सोडला की आकडा चुकतो. आलेली टक्केवारी, कमाल खोली, तारीख आणि सही सिलिंडरच्या पट्टीवर स्वतः लिहायची, तीच टक्केवारी डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये (पाण्याखाली खोली आणि वेळ सांगणाऱ्या मनगटी यंत्रात) भरायची. दुकानदाराच्या शब्दावर सिलिंडर उचलायचा नाही.

नायट्रॉक्सने जास्त खोल जाता येतं, हा समज धोक्याचा आहे. उलट मर्यादा कमी होते. ऑक्सिजनचा दाब १.४ बार धरला तर ३२ टक्क्यांना सुमारे ३३ मीटर, ३६ टक्क्यांना २८. त्याहून खोल गेल्यास पूर्वसूचना न देता आकडीचा झटका येऊ शकतो; तोंडातला रेग्युलेटर (श्वास घ्यायचं साधन) सुटला की माणूस बुडतो. फायदा पाण्याखाली राहायच्या वेळेचा: पाडी (PADI) या डाइव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात १८ मीटरवर हवेला ५६ मिनिटं, ३२ टक्क्यांना ९५.

म्हणून मालवणच्या उथळ डाइव्हसाठी खर्च करू नका. अंदमानात दिवसाला तीन-तीन डाइव्ह करायच्या असतील तर जरूर करा. शेवटची डाइव्ह आणि परतीचं विमान यांच्यातले १८ तास मात्र नायट्रॉक्सनंतरही पाळायचेच.