मृगाआधीची आवराआवर

कोल्हापूर, मे महिन्याचा तिसरा आठवडा

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्याकडे आलो तेव्हा तू कामावर होतास. चहा झाल्यावर आई मला गच्चीवरच्या खोलीकडे घेऊन गेली. दार उघडलं आणि एवढंच म्हणाली, “भावजी, ह्यातलं काय कशाचं हाय ते तुम्हालाच ठाऊक. मला झाडू फिरवायलाबी जागा राहिली न्हाई.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, काळजी होती. म्हणून हे पत्र.

मी दारातच उभा राहून मोजलं. तंबू तीन. लहानमोठ्या सॅक सात. स्लीपिंग बॅग चार, चारही दाबून कव्हरात कोंबलेल्या. गॅसचे दोन स्टोव्ह, तीन दुर्बिणी, काठ्या, चढाईला कमरेला बांधायचा पट्ट्यांचा हार्नेस, हेल्मेट, बर्फातली कुऱ्हाड, बर्फावर बुटांखाली लावायचे टोकदार क्रॅम्पॉन, बुटांचे सहा जोड, खोक्यातून बाहेरही न निघालेली फुगवायची होडी. चढाईचा दोर इन्व्हर्टरच्या बॅटरीवर वेटोळं करून ठेवलेला. त्या दोराबद्दल पुढे लिहितो, पण तोपर्यंत त्याला कुणी हात लावू नये. आणि भिंतीला टेकवलेली सायकल, दोन्ही चाकांत हवा नाही.

ह्या नादाला तुला मीच लावलं. तू नववीत होतास तेव्हा पन्हाळा ते पावनखिंड पहिल्यांदा माझ्याबरोबर आलास. पाठीवर शाळेचं दप्तर, आत पिशवीत बांधलेले कोरडे कपडे, आईने दिलेल्या भाकरी आणि डोक्यावर पोत्याची खोळ. मसाई पठारावर वारा तुला दोन पावलं मागं ढकलायचा आणि तू हसत पुन्हा पुढं यायचास. करपेवाडीला पोचलो तेव्हा बोटांच्या सुरकुत्या पांढऱ्या पडल्या होत्या. त्या दोन दिवसांत आपल्याकडे अमुक एक वस्तू नाही असं तू एकदाही म्हणाला नाहीस. त्या खोलीच्या दारात मला तोच पोरगा आठवत होता.

मग नोकरी लागली. गोकुळ शिरगावची शिफ्ट, सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइम, घरची जबाबदारी. डोंगर लांब गेले. मला वाटतं, ज्या ज्या शनिवारी जाणं रद्द झालं त्या त्या रात्री तू काहीतरी मागवलंस. खोक्यांवरच्या तारखा बघ एकदा. मी हे इतक्या खात्रीने लिहितो, कारण बँकेतल्या माझ्या बदल्यांच्या काळात मीही हेच केलं. जायला मिळत नसे, म्हणून जायची तयारी करत बसायचो. वस्तू घरी आली की दोन दिवस असं वाटायचं की निम्मी वाट चढून झाली.

त्याची किंमत मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळली. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ च्या वर गेलं. आम्ही तेव्हा शुक्रवार पेठेत तळमजल्यावर राहत होतो. उंबऱ्याला पाणी लागलं तेव्हा वीज आधीच गेली होती. माझ्याकडे चार हेडलॅम्प होते. चार! अंधारात कपाट चाचपून एकेक काढला, एकही लागला नाही. आत ठेवून दिलेले सेल फुटून आतला क्षार बाहेर आला होता, पत्र्यांवर पांढरा-निळा थर चढला होता. गल्लीतली पोरं शेजारच्या म्हाताऱ्या आजींना ट्रकच्या ट्यूबवर बसवून घेऊन गेली. पंचगंगेवर पोहणारी पोरं ती, हातात मोबाइलचा उजेड, बाकी काही नाही. आणि तीस वर्षं डोंगर चढलेला मी मेणबत्ती शोधत होतो. पाणी ओसरल्यावर चिखलातून जे सामान बाहेर काढलं, त्यातलं निम्मं मी विसरूनही गेलो होतो.

म्हणून आता सांगतो ते मनावर घे. वळवाचे दोन पाऊस होऊन गेलेत. मृग निघायला तीन आठवडे आहेत. आपल्याकडे एकदा पाऊस लागला की चार महिने काही वाळत नाही, त्यामुळे हे काम आताच करायचं.

टाकायचं काय, याने सुरुवात करू नकोस. तसं केलंस तर प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिची बाजू मांडत बसशील आणि संध्याकाळी सगळं परत आत जाईल. आधी जुलैच्या पावनखिंडीची एक सॅक भर. रात्री मुक्काम गावातल्या घरात नाहीतर शाळेत, जेवण गावात, म्हणजे तंबू नको, स्टोव्ह नको. कोरड्या कपड्यांचा एक जोड, अंगावर घ्यायला काहीतरी, पाणी, हेडलॅम्प, औषधं, मीठ, प्लॅस्टिकची जाड पिशवी. सहा-सात किलोच्या वर गेलास तर काहीतरी जास्तीचं घेतलंयस असं समज. मग दुसरी भर, थंडीतल्या रांगणा किल्ल्याची. तिथं रांगणाईच्या देवळात झोपता येतं, म्हणजे परत तंबू नको, फक्त एक हलकी स्लीपिंग बॅग. सह्याद्रीत फिरणारा माणूस देवळात, गुहेत, कुणाच्या तरी सोप्यावर झोपत आलाय. तीन तंबू कशासाठी, हे तू मला सांग. उघड्या पठारावर राहायला एक लागतो, तो ठेव.

या दोन सॅक भरून बाजूला ठेवल्यास की गच्चीवर उरेल ते बघायचं.

तंबू उलगडून आतल्या बाजूने हात फिरव. पाणी अडवण्यासाठी कापडाला पॉलियुरेथेनचा लेप असतो आणि हवेतल्या ओलाव्याने तो वर्षानुवर्षं तुटत जातो. हाताला चिकट लागला, आंबूस वास आला, पापुद्रे सुटले, की तो तंबू गेला. धुऊन परत येत नाही. असा तंबू कुणा नवख्याला ‘चालतोय बघ’ म्हणून देऊ नकोस, पहिल्याच पावसात तो पोरगा रात्रभर कुडकुडेल. बुटांचंही तेच. पॉलियुरेथेनचा सोल कपाटात नुसता ठेवला तरी भुगा होतो. अंगठ्याने दाबून, वाकवून बघ. माझ्या ओळखीतल्या एकाचा सोल वाटेत निघाला आणि त्याने टाचेला दोरी बांधून अख्खा उतार उतरला. जे चांगले निघतील त्यांतले दोन जोड ठेव. तंबू वाळत घालशील तो सावलीत. मेच्या उन्हात नायलॉन कमजोर होतं. जी स्लीपिंग बॅग ठेवशील ती कव्हरातून काढून सुती पिशवीत सैल ठेव. दाबून ठेवलेल्या बॅगेतली फुगार जाते आणि तिच्याबरोबर ऊबही.

दुर्बिणींवर थोडं जास्त लिहितो, कारण तिन्ही मला चांगल्या वाटल्या आणि तिन्ही धूळ खात होत्या. वीसपट मोठं दाखवणारी आहे ती दिसायला रुबाबदार, पण हातात धरून तिच्यातून काही दिसणार नाही. हाताची जरा थरथर झाली तरी तीही वीसपट होते. जंगलात आठपट आणि ४२ मिलिमीटरची भिंगं पुरतात. दृश्य रुंद दिसतं, झाडीतला पक्षी लवकर सापडतो, सकाळच्या अंधुक उजेडातही चालते. ती ठेव, आणि तिच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाक, नाहीतर पावसाळ्यात भिंगावर बुरशीची जाळी चढेल. दुसरी दाजीपूरला वाट दाखवणाऱ्या एखाद्या पोराला दे. दाजीपूर ज्यात येतं ते राधानगरी हे महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य, १९५८ सालचं. गवे बघायला गाड्या भरून लोक येतात आणि कितीतरी वेळा वाट दाखवणाऱ्याकडेच दुर्बीण नसते. तुझी दुर्बीण तिथं रोज गळ्यात असेल. मला हे नुसतं लिहितानाही बरं वाटलं.

आता दोर. हा कुणाला द्यायचा नाही, विकायचा तर मुळीच नाही. दिसायला नवा कोरा आहे, मी हात लावून पाहिला. पण तो बॅटरीवर पडून होता. त्या बॅटरीत गंधकाम्ल असतं. त्याचा थेंब, नुसती वाफसुद्धा नायलॉनला आतून खाते आणि वरून काही दिसत नाही, रंगही बदलत नाही. अशा दोरावर माणूस लटकला आणि दोर तुटला तर त्याला कारण सापडेपर्यंत उशीर झालेला असतो. एरवीही बहुतेक कंपन्या दोराला आणि हार्नेसला न वापरता ठेवले तरी साधारण दहा वर्षांची मुदत सांगतात. हार्नेसच्या पट्टीवर तारीख शिवलेली असते, ती वाच. दोर मात्र कापायचाच.

फुगलेली पॉवर बँक दिसली ती घंटागाडीत टाकू नकोस, कचऱ्यात दाबली गेली की पेट घेते. ई-कचरा घेणाऱ्याकडेच दे. हेडलॅम्पमधले सेल आजच्या आज काढ.

होडी तू २०२१ च्या पुरानंतर घेतलीस, बरोबर ना? मला ती भीती समजते. दोन वर्षांत दोनदा नदी घरात आली की माणूस काहीही विकत घेतो. पण पुराच्या ओढीत, खाली पत्रे, गेटची टोकं आणि तारा असताना ही खेळण्यातली होडी तुला आणि ज्याला तू वाचवायला जाशील त्याला, दोघांनाही बुडवेल. एनडीआरएफची माणसं शिकलेली असतात, त्यांच्या बोटी वेगळ्या असतात. पुरासाठी काही ठेवायचं असेल तर लागणारा हेडलॅम्प, शिट्टी, कागदपत्रांना पाणी न शिरणारी पिशवी आणि वेळेत घर सोडायची तयारी ठेव. होडी तलावावर खेळायला कुणाला हवी असेल तर जाऊ दे.

उरली कुऱ्हाड आणि क्रॅम्पॉन. ही सगळ्यांत अवघड आहेत, मला ठाऊक आहे. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून बेसिक कोर्स करून आलास तेव्हा तुझा चेहरा काळवंडलेला होता, ओठ फुटलेले होते आणि तू तीन तास बोलत होतास. पुढच्या वर्षी ॲडव्हान्सला जायचं म्हणून ही दोन्ही घेतलीस. चार वर्षं झाली. कोर्सला संस्था सामान स्वतः देते, एखाद्या मोहिमेला गेलास तर उत्तरकाशीत, मनालीत भाड्यानेही मिळतं. ही अवजारं भिंतीवर आहेत ती बर्फासाठी नाहीत, तू गेला नाहीस याची रोज आठवण द्यायला आहेत, असं मला दिसलं. बाळा, वडिलांच्या आजारपणात तू घरी थांबलास. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आपल्या गटातली एक मुलगी यंदा सप्टेंबरात हिमालयात मोहिमेला जाणार आहे. तिला दे. तुझं जायचं ठरेल तेव्हा जाशीलच, त्याला खिळ्यावरच्या कुऱ्हाडीची गरज नाही.

काही गोष्टी विकशील, विक. पण किमतीवर अडून बसू नकोस. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९९० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि विकायला सांगितले. ज्यांच्या हातात मग आला त्यांनी मागितलेली किंमत विकत घेणाऱ्यांच्या तयारीच्या साधारण दुप्पट निघाली. मग हातात येऊन फार वेळही झाला नव्हता. तुझ्याकडे तर हे सामान वर्षानुवर्षं आहे. तुला जो आकडा रास्त वाटेल तो निम्मा कर आणि आलेल्या पहिल्या माणसाला दे. दोन वर्षं घासाघीस करत ठेवलेला तंबू शेवटी चिकट होतो.

आणि एक वस्तू विनाकारण ठेव. माझ्याकडे १९८४ ची कॅनव्हासची हॅवरसॅक आहे. तिचे पट्टे कुजलेत, ती कधीच वापरात येणार नाही. तिच्या आतल्या खिशात विशाळगडावरची माती अजून आहे. ती मी मरेपर्यंत देणार नाही. तुझं ते शाळेचं दप्तर आईने जपून ठेवलंय, तिला विचार.

सायकलला मात्र हवा भर. ती विकलीस तर मी बोलणार नाही तुझ्याशी महिनाभर. शिफ्टच्या आधी रंकाळ्याला एक फेरी मारून यायला पाऊण तास लागत नाही.

रविवारी सकाळी सहाला येतो, ऊन चढायच्या आत. सतरंज्या गच्चीवर घालून ठेव, सॅक तोलायला वजनकाटा मी आणतो. दोर कापायला धारदार सुरी आणि मेणबत्तीही आणतो. प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं ज्योतीवर वितळवावी लागतात, नाहीतर उसवत जातात. दोन-दोन मीटरचे तुकडे करू, म्हणजे कुणी चुकूनही त्यावर चढणार नाही. आईला कपडे वाळत घालायला दोऱ्या हव्यात, परवा म्हणत होती.

तुझा,
काका