'युरियाज' नव्हे, युरिएज

खताच्या माहितीपत्रकात "जमिनीतील युरियाज" असं वाचून एकांनी विचारलंय: हे युरियाचं अनेकवचन का? आणि याला मराठीत काय म्हणायचं?

अनेकवचन मुळीच नाही! 'आयडियाज'च्या चालीवर कुणीतरी लिहिलं आणि ते चिकटलं. शब्द आहे युरिएज, युरिया फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम. ओल्या रानात युरिया फेकून तसाच उघडा ठेवला की नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास येतो, ती त्याची करणी. "युरियाज नावाचा जंतू" हेही ऐकून कान किटले. जंतू ते तयार करतात, पण वनस्पतीही करतात. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जेम्स सम्नर यांनी १९२६ साली त्याचे स्फटिक काढले ते आपल्या अबईच्या जातकुळीतल्या जॅक बीनच्या पिठातून, आणि विकर हे प्रथिन असतं हे त्यातूनच दिसलं. 'एज' हे शेपूट १८३३ सालच्या 'डायास्टेज' या स्टार्च फोडणाऱ्या विकराच्या नावावरून आलेलं. विकरांच्या नावांना ते सर्रास लागतं.

खरी गंमत पुढच्या 'युरि'त आहे. युरिया हा शब्द फ्रेंचांनी ग्रीक 'ऊरॉन', म्हणजे मूत्र, यावरून घडवला. कोशकार लगेच संस्कृत 'वारि' समोर ठेवतात: पाणी ते पाणी, झालं काम. मला हे साफ अमान्य आहे. लॅटिन 'युरिना'शी वारि खुशाल जोडा, पण ग्रीकात आधी क्रियापद पाहा: 'ऊरेओ', मी लघवी करतो. त्याचं जुनं रूप 'वोर्सेयो' असं मांडतात. आता शेजारी आपलं 'वर्षयति' ठेवा, म्हणजे पाऊस पाडतो. व, र, स (आपल्याकडे ष) आणि वर तोच 'अय' प्रत्यय, सगळं जागच्या जागी! ग्रीकानं सुरुवातीचा व टाकला, मधला स गिळला. तो व होता याची खूणही उरली आहे: भूतकाळी रूप 'एऊरून' होतं, त्यात भूतकाळ दाखवायला पुढे लावलेला 'ए' सुटा राहतो, कारण मध्ये एक व्यंजन होतं. नुसत्या वारिला यातला स कुठून आणणार? याच धातूचं ग्रीक 'हेर्से' म्हणजे दंव. वर्षा, दंव आणि युरिया एकाच घरचे.

हां, मराठी शब्द. 'युरिएज'च लिहा, पहिल्यांदा येईल तिथे 'युरिएज हे विकर' म्हणा. आणि 'विकर'चं 'विकार' करू नका, तेही छापून आलेलं पाहिलंय.